लायसिनचं नेमकं कुठलं टोक? – प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

विषय अखेर ठरला. अर्जावर त्याचं नाव दीड ओळीचं आहे. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मात्र तो एका वाक्यात सांगितला. “लायसिनला दोन अमाइन आहेत, त्यातल्या एकालाच हात लावून दाखव.”

लायसिन हे एक अमिनो आम्ल, अमाइन म्हणजे त्यातला नायट्रोजनचा गट. लायसिनमध्ये प्रोटॉन सोडू शकणाऱ्या तीन जागा. कार्बोक्सिल या आम्लगटाचा पीकेए (ज्या पीएचला अर्धे प्रोटॉन सुटलेले असतात तो आकडा) सुमारे २.२, त्याच्या शेजारच्या अल्फा अमाइनचा सुमारे ९.०, आणि चार कार्बनांच्या शेपटीच्या टोकावरच्या एप्सिलॉन अमाइनचा सुमारे १०.५. मला हवंय ते शेपटीचं टोक. तिथे बॉक गट, म्हणजे अमाइन झाकणारं तात्पुरतं टोपण, बसवायचा आणि अल्फा अमाइन मोकळं सोडायचं, म्हणजे पुढे पेप्टाइड जोडताना साखळी अल्फाकडूनच वाढते आणि शेपटी मध्ये येत नाही.

संध्याकाळी वहीत हिशेब मांडला. प्रोटॉन चिकटलेलं अमाइन अभिक्रिया करत नाही, कारण त्याची इलेक्ट्रॉनांची जोडी अडकलेली असते. मग प्रश्न एवढाच, की कुठल्या पीएचला कोण किती मोकळं आहे. पीएच ९ ला अल्फा अमाइन ५० टक्के मोकळं, एप्सिलॉन जेमतेम ३ टक्के. पीएच ११ ला अल्फा ९९ टक्के आणि एप्सिलॉन ७६. म्हणजे मला हवं ते टोक मोकळं होईपर्यंत नको असलेलं टोक केव्हाच मोकळं होऊन बसलेलं असतं. नुसत्या पीएचवर हे जमणार नाही, असं आकडे सांगतायत. तरी एक आशा आहे. दोन्ही मोकळी असतील तेव्हा एप्सिलॉन जास्त चपळ, कारण त्याच्या शेजारी कार्बोक्सिलची गर्दी नाही आणि इलेक्ट्रॉन द्यायलाही ते जास्त तयार. तेवढ्या फरकावर किती भागतं ते करूनच बघू.

९ जानेवारी

पहिली रिॲक्शन लावली. लायसिन हायड्रोक्लोराइड १.८३ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोल, २० मिली पाण्यात. सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच १०.८ वर आणला, तेवढंच डायऑक्सेन घातलं आणि बर्फात गार केलं. बॉक अनहायड्राइड २.१८ ग्रॅम, बरोबर १० मिलिमोल, थोड्या डायऑक्सेनमध्ये विरघळवून थेंबाथेंबानं.

बॉक अनहायड्राइड तोलणं हा वेगळाच वैताग. ते २३ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे बाटलीत ना धड घट्ट ना धड पातळ. चमच्याला चिकटतं, तोलकागदाला चिकटतं. प्रयोगशाळेतल्या ताईनं सांगितलं, बाटली कोमट पाण्यात धर, पूर्ण वितळू दे आणि पिपेटनं घे. हे आधी कळलं असतं तर अर्धा तास वाचला असता.

रात्रभर ढवळत ठेवलं. बूच घट्ट लावलं होतं.

१० जानेवारी

बूच जमिनीवर सापडलं.

माझीच चूक. बॉक अनहायड्राइड अमाइनवर बसतं तेव्हा एक टर्शरी ब्युटेनॉल आणि एक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अल्कलीयुक्त द्रावण त्यातला बराच वायू गिळून टाकतं, पण सगळा नाही. पुढच्या वेळी नुसता कापूस लावायचा.

गिळलेल्या वायूचा परिणाम पीएचवरही झालाय. सकाळी मोजला तर ८.९. म्हणजे रिॲक्शन १०.८ ला सुरू झाली आणि रात्रभर घसरत ८.९ पर्यंत आली. मी ‘पीएच १०.८ ला काय होतं’ हे तपासलंच नाही, एका अख्ख्या उतरणीवर काय होतं ते तपासलं. वहीत ‘पीएच १०.८’ लिहिलं होतं, ते खोडून ‘सुरुवातीचा पीएच १०.८’ असं केलं.

टीएलसी (मिश्रणातले पदार्थ पातळ थराच्या प्लेटवर वेगळे करणारी चाचणी) घेतली, विद्रावक: एन-ब्युटेनॉल, ॲसेटिक आम्ल, पाणी, ४:१:१. निनहायड्रिन फवारून गरम केल्यावर तळाशी उरलेलं लायसिन आणि त्याच्या वर एक पसरट, जांभळा डाग. वर आणखी काही नाही. मी खूश. ताईनं प्लेट हातात घेऊन विचारलं, “आणि दोन्हीकडे बॉक लागलेलं कसं दिसणार तुला? त्याला मोकळं अमाइनच नाही.”

खरंच. निनहायड्रिनला मोकळं अमाइन लागतं, तरच रुहेमानचा जांभळा तयार होतो. तो रंग १९१० मध्ये झिगफ्रीड रुहेमान यांना सापडला, आणि तेव्हापासून आमच्यासारख्यांची बोटं जांभळी होत आलीयेत. दोन्ही अमाइन झाकली गेली तर हा रंग येणारच नाही. ताईनं दुसरी प्लेट बंद भांड्यात हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफांवर पाच मिनिटं धरली. आम्लानं बॉक गळून पडतो. मग फवारून तापवली, आणि अगदी वर, जिथे मघाशी कोरं होतं, तिथे ठसठशीत डाग. रिकामी दिसणारी जागा खरंच रिकामी आहे का, हे यापुढे दोनदा बघणार.

१३ जानेवारी

वर्कअप, म्हणजे मिश्रणातून पदार्थ वेगळे काढणं. पाण्याचा थर आम्लयुक्त करून एथिल ॲसिटेटनं धुतला. दोन्ही टोकं झाकलेलं लायसिन वरच्या थरात गेलं. एकच बॉक असलेलं पाण्यात राहिलं, कारण त्याच्यावर अजून एक अमाइन आहे आणि आम्लात ते भारित असतं. वरचा थर सुकवला: ०.९० ग्रॅम, २.६ मिलिमोल. १० मिलिमोल बॉकपैकी ५.२ इथेच गेले.

पाण्यात जे उरलं त्यात अल्फा किती आणि एप्सिलॉन किती? रेणूचं वजन दाखवणाऱ्या वस्तुमान वर्णपटाला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. दोघांचंही शिखर २४७ लाच, रेणू तोच, फक्त बॉकची जागा वेगळी. एनएमआरमध्ये (हायड्रोजनांचा परिसर दाखवणाऱ्या वर्णपटात) डीएमएसओ हा विद्रावक वापरला तर बॉकला जोडलेल्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन दिसतो, आणि तो किती शेजाऱ्यांनी फुटलाय त्यावरून पत्ता कळतो. एप्सिलॉन टोकाला शेजारी सीएच-टू, म्हणून त्रिक (तीन फाट्यांचं शिखर). अल्फाला शेजारी एकच हायड्रोजन, म्हणून द्विक (दोन फाट्यांचं). माझ्या वर्णपटात दोन्ही आहेत. त्रिक मोठं, पण द्विकही चांगलं ठळक.

एप्सिलॉनच्या चपळाईचा फायदा मिळाला, पुरेसा नाही. आकड्यांनी ६ तारखेलाच सांगितलं होतं.

१५ जानेवारी

मॅडमशी बोलणं झालं. मी तयारी करून गेले होते: पीएच-स्टॅट लावून पीएच अडवून धरायचा, तापमान उतरवायचं, बॉक अर्ध्यानंच घालायचं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तू हव्या असलेल्या अमाइनच्या मागे लागलीयेस. नको असलेल्याला आधी बांधून ठेव ना.”

बांधायचं तांब्यानं. जुनी युक्ती आहे, पण मी पाठ्यपुस्तकात ती वाचून पान उलटलेलं. तांब्याचा द्विसंयुजी आयन अमिनो आम्लाच्या अल्फा अमाइनला आणि कार्बोक्सिलेटला एकाच वेळी धरतो. तांबं, ऑक्सिजन, कार्बोक्सिलचा कार्बन, अल्फा कार्बन, नायट्रोजन: पाच जणांचं कडं, ताण नसलेलं, घट्ट. एप्सिलॉन अमाइनही धरता आलं असतं, पण मग कडं नऊ जणांचं होतं, आणि एवढं सैल कडं टिकत नाही. एक तांबं दोन लायसिनांना पकडतं, आणि दोन्हीकडून शेपट्या बाहेर लोंबत राहतात, टोकाची अमाइनं मोकळी ठेवून.

मला आवडलं ते हे, की इथे बॉक अनहायड्राइडला काहीच निवडावं लागत नाही. त्याच्यासमोर एकच अमाइन उरतं.

१७ जानेवारी

कॉपर सल्फेटचे स्फटिक १.२५ ग्रॅम, ५ मिलिमोल, १० मिली पाण्यात. लायसिन हायड्रोक्लोराइड पुन्हा १.८३ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ३.३६ ग्रॅम, पाणी २० मिली. हे दोन्ही एकत्र ओतताच फिकट आकाशी रंग क्षणात गर्द निळा झाला. रंगाचा असा बदल म्हणजे पाण्याचे रेणू बाजूला सारून नायट्रोजन तांब्याला चिकटल्याची पावतीच. फेस बराच आला, भांडं मोठं घेतलं ते बरं झालं.

बायकार्बोनेट सढळ हातानं घालायला कारण आहे. एक भाग हायड्रोक्लोराइडमधलं आम्ल मारण्यात जातो, एक भाग तांब्यानं अल्फा अमाइनवरून हुसकलेला प्रोटॉन उचलण्यात, आणि बॉक बसताना एप्सिलॉनवरचा प्रोटॉनही कुणीतरी घ्यायला हवा.

बॉक अनहायड्राइड २.८४ ग्रॅम, म्हणजे १३ मिलिमोल, २० मिली ॲसिटोनमध्ये. यावेळी जास्तीचं बिनधास्त घातलं. पहिल्या प्रयोगात जास्तीचा प्रत्येक थेंब अल्फावर गेला असता, आता अल्फा कुलपात आहे. थोडं पाण्यानं वाया जातं, तेही धरलंय. कापूस लावून रात्रभर ढवळत.

१८ जानेवारी

सकाळी भांड्यात फिकट निळा, दुधासारखा साका. आणखी १० मिली ॲसिटोन घालून दोन तास ढवळलं आणि गाळायला घेतलं.

गाळणं हे आजच्या दिवसाचं खरं काम. साका इतका बारीक की कागदाची भोकं बुजली आणि फनेलमधलं पाणी पंधरा मिनिटांत बोटभरही खाली सरकेना. शेवटी सच्छिद्र काचेच्या फनेलवर, पंप लावून. आधी ॲसिटोन-पाणी, मग नुसतं पाणी. गाळलेलं पाणी निळं येतंय तोवर धूत राहिले, कारण न बांधलेलं तांबं आणि न झालेलं लायसिन-तांबं दोन्ही पाण्यात विरघळतात. बॉक बसलेलं संयुग मात्र विरघळत नाही. शुद्धीकरणाचं अर्धं काम असं फुकटात होतं.

सुकल्यावर २.३८ ग्रॅम. दोन बॉक-लायसिन आणि एक तांबं, एकूण रेणुभार ५५४. पूर्ण उत्पन्न २.७७ ग्रॅम झालं असतं, म्हणजे ८६ टक्के.

२० जानेवारी

आता तांबं काढायचं. जुन्या पद्धतीत हायड्रोजन सल्फाइड सोडायचे. वायू विषारी, वास सडक्या अंड्यांचा, आणि काळा कॉपर सल्फाइड गाळणीतून निसटतो. तिकडे मी गेलेच नाही. ईडीटीए वापरून बघितलं: १ ग्रॅम संयुग, पाणी, ईडीटीएचं डायसोडियम मीठ, कोमट. निळा साका विरघळला, तांबं ईडीटीएनं घेतलं, झकास. पण आता माझं उत्पादन आणि तांब्याचं ईडीटीए-संयुग दोघंही त्याच पाण्यात, दोघंही भारित, दोघांनाही सेंद्रिय विद्रावकात जायचं नाही. दिवसभर त्यांना वेगळं करण्यात गेला आणि हाती आला निळसर चिकट लगदा. एक ग्रॅम गेला.

२१ जानेवारी

उरलेलं १.३८ ग्रॅम संयुग पाण्यात ढवळत ठेवून त्यात ८-हायड्रॉक्सीक्विनोलिन ०.८० ग्रॅम. तासाभरात निळा रंग गेला आणि पिवळट हिरवा साका बसू लागला. कालच्यात आणि यात फरक इतकाच, की क्विनोलिननं धरलेलं तांबं पाण्यात राहत नाही, खाली बसतं. गाळलं. जास्तीचं क्विनोलिन एथिल ॲसिटेटनं धुऊन काढलं. पाण्याचा थर बिनरंगी. पोटॅशियम फेरोसायनाइडचा थेंब टाकून पाहिला, तांबूस तपकिरी झाला नाही, म्हणजे तांबं शिल्लक नाही. मग गोठवून वाळवला.

पांढरी, हलकी पूड. १.०६ ग्रॅम, या पायरीला ८६ टक्के. दोन्ही पायऱ्यांना ८६ हा योगायोग आहे, आकडे रंगवलेले नाहीत, हे पुढे वही तपासणाऱ्यासाठी लिहून ठेवते.

२४ जानेवारी

एनएमआर आला. डीएमएसओमध्ये नीट विरघळेना, गरम करून कसंबसं. ६.८ च्या आसपास त्रिक. द्विक नाही. ७ च्या आसपासचा भाग मोठा करून, आणखी मोठा करून बघितला. नाही.

३ फेब्रुवारी

आठवडाभर दुसरीच कामं होती. आता सेरीन, दुसरं एक अमिनो आम्ल.

इथे कोडं वेगळं. एकाच रेणूत अमाइन आणि हायड्रॉक्सिल, आणि दोघांनाही ॲसिटाइल गट चालतो. लायसिनमध्ये दोन अमाइनांत कोण आधी असा वाद होता. इथे सामान्य परिस्थितीत वादच नाही, अमाइन सहज जिंकतं. मला आता हरणाऱ्याला, म्हणजे हायड्रॉक्सिलला, जिंकवायचंय. तांबं इथेही चालेल, पण त्याहून सोपी दोरी आहे: प्रोटॉन.

आधी सरळ बाजू. सेरीन १.०५ ग्रॅम, सोडियम हायड्रॉक्साइड, बर्फ, ॲसेटिक अनहायड्राइड थेंबाथेंबानं, पीएच ९ च्या खाली जाऊ न देता. अर्ध्या तासात निनहायड्रिनचा रंग जवळजवळ गेला. एन-ॲसिटाइल सेरीन (ॲसिटाइल नायट्रोजनवर) पाण्यातच खुशीत राहतं, विद्रावकात येत नाही, म्हणून आम्लरूप रेझिनच्या स्तंभातून सोडलं. सोडियम तिथे अडकतं, न झालेलं सेरीनही अडकतं. गोठवून वाळवल्यावर मधासारखं काहीतरी मिळालं, दोन दिवसांनी पांढरं झालं. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

५ फेब्रुवारी

उलटी बाजू. सेरीन १.०५ ग्रॅम ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्लाच्या ५ मिलीत. हे आम्ल इतकं तीव्र की प्रत्येक अमाइनवर प्रोटॉन बसलेला, कुणाचीच जोडी मोकळी नाही. हायड्रॉक्सिल मात्र तसंच. बर्फात ॲसिटाइल क्लोराइड १.१ मिली, मग दोन तास बाहेर. सगळं काम धूर ओढणाऱ्या कपाटात आणि जाड हातमोज्यांत. हे आम्ल कातडीला लागलं तर भाजतं.

थंड ईथर ५० मिली ओतलं आणि पांढरं घन लगेच खाली. गाळून, ईथरनं धुऊन, १.५० ग्रॅम. ओ-ॲसिटाइल सेरीनचं (ॲसिटाइल ऑक्सिजनवर) हायड्रोक्लोराइड, ८२ टक्के. निनहायड्रिन: गर्द जांभळा. अवरक्त वर्णपटात १७४५ च्या आसपास एस्टरचा कार्बोनिल, १६५० ला अमाइडचा पट्टा नाही. ३ तारखेच्या पदार्थात नेमकं उलटं. मोकळ्या रूपात दोघांचाही रेणुभार १४७.

मॅडमना दाखवलं. “छान. मीठ काढून मोकळं अमिनो आम्ल दे मला.”

७ फेब्रुवारी

मीठ काढायला काल संध्याकाळी अर्धा ग्रॅम पाण्यात घेऊन बायकार्बोनेटनं पीएच ८ वर आणलं होतं आणि सकाळी बघू म्हणून बाकावर ठेवलं होतं.

सकाळी टीएलसी घेतली, फवारली, तापवली. काहीच नाही. निनहायड्रिन संपलं असेल म्हणून नवं बनवलं. काहीच नाही. जानेवारीतला धडा आठवून आम्लाच्या वाफाही दिल्या. तरी फिकटच. शेजारी ३ तारखेचा एन-ॲसिटाइलचा नमुना लावून आयोडीनच्या वाफांत प्लेट ठेवली, तर दोघांचे डाग एकाच उंचीवर.

पदार्थ हरवला नव्हता, सरकला होता. पीएच ८ ला अमाइनवरचा प्रोटॉन सुटला, मोकळं झालेलं अमाइन दोन अणूंपलीकडे बसलेल्या एस्टरच्या कार्बोनिलवर वळलं, पाच जणांचं कडं क्षणभर तयार झालं, आणि ते सुटताना ॲसिटाइल ऑक्सिजनवरून नायट्रोजनवर गेला. एस्टरपेक्षा अमाइड स्थिर, त्यामुळे परतीचं नाव नाही. मी ज्या प्रोटॉनच्या जोरावर हायड्रॉक्सिलला जिंकवलं, तोच प्रोटॉन स्वतःच्या हातानं काढून घेतला आणि रात्रभर ठेवून दिला.

ताई हसली आणि म्हणाली, “जिवाणूंनाही हेच होतं.” तेव्हा ती थट्टा वाटली, पण संध्याकाळी वाचलं तर खरं निघालं. जिवाणू सिस्टीन बनवताना आधी ओ-ॲसिटाइल सेरीन बनवतात. गंधक कमी पडलं की ते साचतं, आणि त्यातलं काही आपोआप एन-ॲसिटाइल सेरीन होतं. ई. कोलाय तर याचा उपयोगच करून घेतो: हे सरकलेलं रूप सिसबी नावाच्या नियंत्रक प्रथिनाला जागं करतं आणि गंधक गोळा करणारी जनुकं सुरू होतात. माझी बाकावरची चूक म्हणजे त्यांच्याकडची तुटवड्याची घंटा.

मॅडमना सांगितलं की मोकळं रूप मिळणार नाही, मीठच घ्या. त्यांनी मान डोलावली. त्यांना आधीपासून माहीत असावं असा मला दाट संशय आहे.

१७ फेब्रुवारी

शेवटचा भाग माझ्या हट्टानं घेतलेला. १९५९ मध्ये गुंडलाख, स्टाइन आणि मूर यांनी रायबोन्यूक्लिएज या १२४ अमिनो आम्लांच्या प्रथिनावर आयोडोॲसिटेट हा अमिनो आम्लांच्या गटांना चिकटणारा रिएजंट चालवला होता. पीएच २.८ ला मेथिओनिन बदललं, ५.५ ला हिस्टिडिन, ८.५ च्या वर लायसिन. रिएजंट एकच, पीएच बदलला की गिऱ्हाईक बदलतं. माझ्या अख्ख्या प्रकल्पाचं हे एका ओळीतलं रूप वाटलं. म्हटलं, प्रथिन नको, सुट्या अमिनो आम्लांवर करून दाखवते.

अल्फा अमाइन मध्ये येऊ नये म्हणून सगळी एन-ॲसिटाइल रूपं: मेथिओनिन, हिस्टिडिन, लायसिन, आणि चौथं सिस्टीन. चौघांचं मिश्रण, प्रत्येक ५ मिलिमोलर. आयोडोॲसिटामाइड, आयोडोॲसिटेटचाच भाऊबंद, ५० मिलिमोलर. तीन कुप्या, पीएच ३.०, ५.५, ८.५. ३७ अंश, २४ तास. प्रत्येक कुपीला ॲल्युमिनियमची फॉइल, कारण उजेडात आयोडोॲसिटामाइडमधून आयोडीन सुटतं आणि ते थायॉलचं (सिस्टीनच्या गंधक-हायड्रोजन गटाचं) ऑक्सिडीकरण करून टाकतं. द्रावण पिवळं दिसलं की फेकायचं.

पीएच ८.५ साठी सवयीनं ट्रिस हे बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घेतलं होतं. ताईनं कुपी उचलून विचारलं, “ट्रिसमध्ये काय असतं?” प्राथमिक अमाइन. लायसिनच्या अमाइनची परीक्षा घेताना मी त्याच्याशेजारी दुसरं अमाइन कितीतरी पट जास्त ओतून ठेवलं होतं. सिस्टीनपुरतं बघायचं असतं तर चाललं असतं, थायोलेट (प्रोटॉन सुटलेलं थायॉल) इतकं वेगवान की ट्रिस त्याच्या वाटेत येत नाही. लायसिनसाठी नाही. बोरेट बफरवर पुन्हा लावलं.

१९ फेब्रुवारी

वस्तुमान वर्णपट. इथे मात्र तो कामाचा, कारण चौघांचे भार वेगळे आणि गट बसला की प्रत्येक ५७ नं पुढे सरकतो. मेथिओनिन १९२ वरून २४९, सिस्टीन १६४ वरून २२१, लायसिन १८९ वरून २४६, हिस्टिडिन १९८ वरून २५५.

पीएच ३: फक्त २४९. पुस्तकातल्यासारखं. मेथिओनिनच्या गंधकावर प्रोटॉन बसतच नाही, त्यामुळे आम्लात बाकी तिघं गप्प असताना ते एकटंच बोलतं.

पीएच ८.५: २२१ भक्कम, २४९ सुद्धा आहे, २४६ आणि २५५ थोडे थोडे. म्हणजे गोंधळ. पण त्यात चूक काही नाही. मेथिओनिनला पीएचशी देणंघेणं नाही, आम्लात जितकं चालतं तितकंच इथेही चालतं. पीएच ३ ला ते निवडलं गेलं नव्हतं, फक्त एकटं उरलं होतं.

पीएच ५.५: २५५ हवं होतं. आहे, गोंगाटाच्या जरा वर. २४९ त्याच्या कितीतरी पट.

२१ फेब्रुवारी

८.५ ची कुपी पुन्हा, पण यावेळी २४ तासांऐवजी ३० मिनिटं, मग जास्तीचं मर्कॅप्टोइथेनॉल घालून थांबवली. २२१ आणि बाकी जवळजवळ शून्य. थायॉल किती उरलं ते एलमनच्या रिएजंटनं ४१२ नॅनोमीटरला मोजायचं होतं, पण मर्कॅप्टोइथेनॉल हेही थायॉलच, त्यामुळे मोजणीत तेच भरून दिसलं. मोजायची कुपी वेगळी ठेवून, न थांबवता लगेच मोजली: मूळच्या ४ टक्क्यांहून कमी उरलं. घड्याळ हीसुद्धा एक परिस्थितीच आहे, हे माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता म्हणून सुटत होतं. रकाना घातला.

२६ फेब्रुवारी

हिस्टिडिन का दिसत नाही, यावर चार दिवस. पीएच ५.०, ६.०, ६.५, दुप्पट रिएजंट. २५५ हलत नाही. हिस्टिडिनच्या कड्याचा पीकेए ६ ते ७ दरम्यान, ५.५ ला त्यातला थोडाच भाग मोकळा. मग त्या तिघांना १९५९ मध्ये कसं दिसलं?

मूळ काम आणि त्याच्या पुढचं काम नीट वाचल्यावर उलगडलं. त्यांना हिस्टिडिन असं सरसकट मिळालंच नव्हतं. रायबोन्यूक्लिएजमधली १२ आणि ११९ क्रमांकाची हिस्टिडिनं एन्झाइमच्या कामाच्या जागी समोरासमोर बसतात. ती जागा आरएनएचा ऋणभारित फॉस्फेट धरायला बनलेली, आणि आयोडोॲसिटेटही ऋणभारित, म्हणून ते तिथेच ओढलं जातं. एका रेणूत या दोहोंपैकी एकच बदलतं, दोन्ही नाहीत. एकावर गट बसला की दुसऱ्याचा रस्ता बंद. बाकीची हिस्टिडिनं तशीच. आणि माझ्या कुपीत भाव खाणारी मेथिओनिनं त्या प्रथिनात घडीच्या आत दडलेली, तीव्र आम्लात घडी सैल झाल्यावरच हाती लागणारी.

माझ्याकडे घडी नाही. शिवाय मी आयोडोॲसिटामाइड घेतलं, ज्याला भारच नाही. पीएचचा आकडा उचलला आणि ज्याच्यामुळे तो आकडा चालला ते प्रथिनच बाहेर ठेवलं.

स्टाइन आणि मूर यांना १९७२ मध्ये ॲनफिन्सन यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच एन्झाइमवरच्या कामासाठी. मी त्यांचा प्रयोग तीन कुप्यांत उरकायला निघाले होते, हे मॅडमना सांगताना जरा हसू आलं. त्या हसल्या नाहीत. “हा निष्कर्ष अहवालात घाल. न झालेल्या प्रयोगांच्या प्रकरणात नको, मुख्य प्रकरणात,” म्हणाल्या.

४ मार्च

अहवालाचा तक्ता तयार. रकाने: पदार्थ, हवा असलेला गट, नको असलेला गट कशानं अडवला, सुरुवातीचा पीएच, शेवटचा पीएच, वेळ, विद्रावक, ओळख कशानं पटवली. ‘कशानं अडवला’ या रकान्यात तांबं, प्रोटॉन, घड्याळ. हिस्टिडिनच्या ओळीत तो रकाना कोरा ठेवलाय.

९ जानेवारीचा प्रयोगही घातला, ‘सुरुवातीचा पीएच’ आणि ‘शेवटचा पीएच’ वेगवेगळे लिहून.

पुढे हा बाक वापरणाऱ्यासाठी: बॉक-लायसिन वाळवणपात्रात, वरचा कप्पा. तांब्याचा हिरवा कचरा वेगळ्या डब्यात, सिंकमध्ये नाही. ओ-ॲसिटाइल सेरीनची बाटली फ्रीजमध्ये, दुसऱ्या कप्प्यात, लाल शाईनं लेबल लावलंय: हायड्रोक्लोराइड म्हणूनच ठेवा, बायकार्बोनेट घालू नका, घातलंच तर घरी जाऊ नका.